उतरला की पादचारी

मोजणीताईंना रिकामं बसता येत नसे. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्या आत जाणारे आणि बाहेर पडणारे वेगवेगळे मोजत, आणि आकडे जुळले नाहीत की चुळबुळ सुरू होई. “आत तिघं जास्त आहेत,” असं त्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगत. “मागे दुसरं दार असेल हो,” ती बाई म्हणे. मग मोजणीताई उठून खरंच मागे दार आहे का ते बघून येत.

स्वतःच्या लग्नात नवऱ्याच्या कानात त्यांनी उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, “खुर्च्या दोनशे आहेत, माणसं दोनशे चौदा.” नवऱ्याला ते इतकं आवडलं की जाईपर्यंत तो ही गोष्ट येईल त्याला सांगत राहिला. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. आता दोन खोल्यांच्या घरात मोजणीताई आणि त्यांची नणंद, अशा दोघीच.

पालिकेच्या वाहतूक विभागात त्या गणक होत्या. म्हणजे रस्त्याकडेला घडीची खुर्ची टाकून सकाळी सात ते संध्याकाळी सात येणारं-जाणारं मोजायचं. मांडीवर पाटी, पाटीला चिमट्यानं लावलेलं पत्रक, पत्रकावर दर पंधरा मिनिटांचा एक चौकोन. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. गर्दी वाढली की रेघा सोडून टिकटिक्या हातात घ्यायचा. टिकटिक्या म्हणजे मुठीत मावणारं यंत्र. अंगठा दाबला की आकडा एकानं पुढे सरकतो. चौतीस वर्षांत त्यांच्या उजव्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की सुईत दोरा ओवायला तो अंगठा कामाचाच राहिला नव्हता.

बसण्याचंही एक शास्त्र होतं. पाठ उन्हाकडे, डावा खांदा वाऱ्याकडे, थर्मास दोन पायांच्या मध्ये. आणि तोंड बंद. कुणी पत्ता विचारला तरी मान हलवायची नाही. “एका ‘हो’मध्ये तीन स्कूटर निसटतात,” असं त्या नव्या गणकांना बजावत.

विभागात एक रीत होती. गणकाचा आकडा चुकला असं सिद्ध झालं की त्यानं स्वतःच्या हातानं गुलाबी कागदावर दुरुस्तीपत्र लिहायचं. ते महिनाभर दारासमोरच्या फळ्यावर टाचलेलं राही. महिना संपला की कागद फायलीत जाई आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे खडूनं आकडा वाढे. कुणाचे चार, कुणाचे सहा. मोठ्या साहेबांचे नऊ. तेही तरुणपणी गणक होते, तेव्हाचे. साहेब झाले तरी नऊ पुसले गेले नव्हते. मोजणीताईंच्या नावापुढची जागा मात्र चौतीस वर्षं कोरी होती. फळा पुसणारा शिपाई त्या जागेवरून फडकं फिरवतच नसे. म्हणे, पुसण्यासारखं काही असलं तर पुसू.

आणि निवृत्तीला तीन आठवडे उरले होते.

दुसरी अभिमानाची गोष्ट म्हणजे नियम सातवा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पुलावर मोजायला बसलेल्या असताना, एक माणूस पंक्चर झालेली सायकल ढकलत समोरून गेला. वरिष्ठ गणक शेजारी होते. त्यांनी गंमत म्हणून विचारलं, “याला कुठल्या रकान्यात टाकशील?” चोवीस वर्षांची मुलगी क्षणभरही अडली नाही. “पाय कुणाचे चालतायत? माणसाचे. म्हणजे पादचारी.” वरिष्ठ खूश झाले आणि गणकांच्या छापील पुस्तिकेत ते वाक्य गेलं. सायकलवरून उतरून चालणारी व्यक्ती पादचारी धरावी. नवे गणक ते आपल्या भाषेत पाठ करत, ‘उतरला की पादचारी.’ मोजणीताईंनी आयुष्यात लिहिलेलं आणि छापून आलेलं हे एकच वाक्य.

पुलावर दर तीन महिन्यांनी एकदा गणना असे. मोटारी, बसगाड्या आणि ट्रक दुसरा गणक बघे. फुटपाथ आणि सायकली मोजणीताईंकडे. पुलाच्या बरोबर मध्यावर, दिव्याच्या सहाव्या खांबाशी त्यांची खुर्ची.

त्या सोमवारी सात वाजता त्यांनी पत्रकाखाली सही केली तेव्हा इंजिनिअरबाई धावतपळत आल्या. विभागातल्या सगळ्यात तरुण अधिकारी. शहरात बस, सायकली आणि चालणं वाढावं आणि धूर कमी व्हावा, याच्या योजना आखणं हे त्यांचं काम.

“ताई, सायकली किती?”

“एकोणीस.”

“एकशे एकोणीस?”

“एकोणीस.”

इंजिनिअरबाई कठड्याला टेकल्या. “मागच्या वेळी सव्वीस होत्या.”

“आणि अकरा वर्षांपूर्वी साडेसहाशे. पाठ आहे मला.”

“गुरुवारी बैठक आहे, ताई. पुलाचा रस्ता उखडून नव्यानं करणार आहेत. एक तर चारही पट्टे मोटारींना, आहेत तसेच. नाही तर कडेचे दोन पट्टे बस आणि सायकलींना. एकदा केलं की पुढची वीस वर्षं कुणी हात लावणार नाही. मी नकाशे काढून ठेवलेत, हवेचं गणित मांडलंय. पण एकोणीस सायकलींसाठी दोन पट्टे द्या, हे म्हणू कुठल्या तोंडानं?”

“आकडा तो आकडा, बाई.”

“हो ना. आणि तुमचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ.”

हे ऐकून मोजणीताईंना बरं वाटलं. त्या क्षणी सुद्धा बरं वाटलं, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

घरी येऊन त्या भांडी पुसायला लागल्या, तोवर बोळात सायकल टेकवल्याचा आवाज आला. नणंद पुलापलीकडच्या हॉस्पिटलात, धुलाईघरात कामाला होती. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. आत आली ती बोलतच.

“वहिनी, पुलावर हातभर अंतरावरून गेले तुझ्या. पापणीसुद्धा हलवली नाहीस!”

“मोजत होते, वन्सं.”

“घरच्या माणसाकडे बघून हसायला बंदी आहे का?”

“हसलं की एक निसटतो.”

“बरं बाई, नको हसूस. मला मोजलंस तरी कशात?”

“पादचाऱ्यांत.”

“कशात?”

“पादचारी. उतरला होतात ना तुम्ही.”

नणंदेनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “मी पादचारी? घरातून निघाले सायकलवर, पोचले सायकलवर. गुडघे दुखतात ते सायकलनं, घाम येतो तो सायकलनं. मध्ये चारशे मीटर उतरले तर पादचारी? उद्या आंघोळ करताना दिसले तर मासा म्हणून मोजशील!”

“नियम आहे तो.”

“कुठल्या शहाण्याचा?”

मोजणीताईंनी पुसलेलं ताट पुन्हा पुसलं. “पण मी म्हणते, उतरायचंच कशाला?”

“एकदा चढून बघ म्हणजे कळेल. ट्रक असा घासून जातो की बाहीचं बटण तुटावं. पुलाच्या तोंडाशी सगळेच उतरतात. आमच्या धुलाईघरातल्या नऊ जणी, तो शिडीवाला रंगारी, शाळेतल्या दोन बाई. गप्पा मारत ढकलत नेतो. कुणी नवखा चढूनच निघाला तर आम्ही ओरडून उतरवतो त्याला.”

“सगळे?”

“मग तुला काय वाटलं? पुलावरचं वारं खायला उतरतो?”

मोजणीताईंच्या डोळ्यांपुढे फुटपाथ उभा राहिला. हँडलवर हात ठेवून चालणाऱ्या बायका, खांद्याला शिडी लावलेला तो माणूस, मागच्या कॅरिअरला बांधलेल्या पिशव्या. यातलं काहीच नवं नव्हतं. डोळ्यांना सगळं दिसत होतं. अंगठ्याला मात्र रकाना पाठ होता, आणि अंगठा डोळ्यांना काही विचारत नसे.

“अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या.

“काय अकरा वर्षं?”

“पुलावर मोटारींचे पट्टे चार केले त्याला.”

मंगळवारी मोजणीताईंनी रजा टाकली. चौतीस वर्षांत रजा घेऊन मोजायला बसणारी ही पहिलीच बाई असेल. सहाव्या खांबाकडे न जाता त्या पुलाच्या तोंडाशी, पहिल्या खांबाशी उभ्या राहिल्या. डाव्या मुठीत एक टिकटिक्या, उजव्या मुठीत दुसरा. डावा चढून जाणाऱ्यांसाठी, उजवा उतरणाऱ्यांसाठी. पहिल्या तासात डावा दोनवर होता आणि उजवा एकोणऐंशीवर.

आणि मग त्यांनी मौन मोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मोजता मोजता बोलल्या.

“अहो, जरा थांबा. इथं का उतरलात?”

शिडीवाल्या रंगाऱ्यानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “दंड आहे का उतरायला?”

“नाही हो. सहज विचारते.”

“सहज विचारणारी माणसं हातात यंत्र घेऊन उभी नसतात, ताई.”

“दंड नाही, शब्द देते. का उतरलात?”

“जिवाची भीती वाटते म्हणून. आधी कडेला पांढरी पट्टी होती ना, तेव्हा शिट्टी वाजवत जायचो. पट्टी पुसली, मोटारींना जागा केली, तेव्हापासून पायी. रोजची दहा मिनिटं जातात.” त्यानं शिडी सावरली. “काही जण सायकल सोडून स्कूटर घेऊन बसले. आम्ही आपले राहिलोय.”

तेवढ्या बोलण्यात तीन सायकली निसटल्या. मोजणीताईंनी मागे वळून त्या मोजून घेतल्या. पुलावर ढकलत जाणारी सायकल कुठे लांब जाते?

संध्याकाळी सात वाजता डावा टिकटिक्या सतरावर होता. उजवा सहाशे बारावर.

बुधवारी सकाळी हे आकडे ऐकून इंजिनिअरबाई खुर्चीतून उठल्याच. “सहाशे बारा! ताई, तुम्ही देवासारख्या धावून आलात. आता बघाच. पत्रकात नवा रकाना टाकू, ‘सायकल ढकलत’. मागचं काही उकरायचं नाही. तुमच्या नावापुढची जागाही कोरी राहील आणि तीन आठवड्यांनी तुम्ही वाजतगाजत घरी जाल.”

मोजणीताई भिंतीकडे बघत होत्या. तिथं पुलाचा आलेख टांगलेला होता. सायकलींची रेघ जिन्यावरून कुणी गडगडत यावं तशी खाली उतरत होती, आणि खाली छापलेलं होतं, ‘सायकलचा वापर सातत्याने घटत आहे.’

“ही रेघ तशीच ठेवायची?”

“ती जुनी आहे, ताई.”

“साहेब उद्या काय म्हणतील? अकरा वर्षांचे आकडे एकीकडे, ताईंनी रजेच्या दिवशी हौसेनं मोजलेला एक दिवस दुसरीकडे. तुम्ही साहेब असता तर कशावर विश्वास ठेवला असता?”

इंजिनिअरबाई पुन्हा खुर्चीत बसल्या.

“आणि ही रेघ काढली कुणी? मीच ना?”

त्या उठून भांडारात गेल्या. भांडारपाल कागदांच्या गठ्ठ्यांमागून म्हणाला, “या ताई. निरोपाच्या दिवशी किती खुर्च्या लावायच्या ते तुम्हीच मोजून सांगा.”

“गुलाबी कागद हवेत.”

“कुणी माती खाल्ली?”

“चव्वेचाळीस द्या.”

“चव्वे... वर्षाला चार गणना, म्हणजे अकरा वर्षांची पत्रकं?” तो हसला. “कुणा बिचाऱ्याची?”

“माझी.”

भांडारपालाचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं शोधाशोध केली. गुलाबी कागद एकतीसच निघाले, उरलेले तेरा पिवळे द्यावे लागले. “एवढी कुणी एकदम चुकतच नाही हो,” तो जणू स्वतःचाच अपराध असल्यासारखा पुटपुटला.

दिवसभर त्या लिहीत बसल्या. प्रत्येक दुरुस्तीपत्रात दिनांक, पत्रक क्रमांक, चुकलेला आकडा, बरोबर आकडा आणि कारण. बरोबर आकड्याच्या जागी पेन थबकलं. बरोबर आकडा त्यांना माहीत नव्हता. मागचे दिवस कुणालाच पुन्हा मोजता येणार नव्हते. अंदाज लिहिणं सोपं होतं, पण अंदाज त्यांनी कधी लिहिलाच नव्हता. तिथं त्यांनी लिहिलं, ‘माहीत नाही.’ चव्वेचाळीस वेळा. आणि कारणाच्या ओळीत, ‘नियम चुकीचा होता. नियम माझा होता.’

गुरुवारच्या बैठकीआधी दारासमोरचा फळा दिसेनासा झाला होता. कागद मावेनात म्हणून शिपायानं काही दाराच्या चौकटीला टाचले. येणारा-जाणारा आधी फळ्याकडे बघे, मग मोजणीताईंकडे, आणि मग घाईघाईनं घड्याळाकडे.

मोठे साहेब आत आले ते एक गुलाबी कागद हातात घेऊनच. बसले. चष्मा लावला.

“ताई, हे काय आहे?”

“दुरुस्तीपत्र, साहेब.”

“ते दिसतंय. मी म्हणतो, उतरला की पादचारी! या टेबलापाशी उभं करून तुम्ही माझ्याकडून शंभरदा म्हणवून घेतलंय हे. एकदा मी सायकल धरलेल्या माणसाला सायकलीत टाकलं, तर गुलाबी कागद लिहायला लावलात. माझ्या नवातला एक तो आहे!”

“नवाचे आता आठ करावे लागतील, साहेब. तेव्हा बरोबर तुम्ही होतात.”

कुणीतरी खोकलं. साहेबांनी चष्मा काढला. हसावं की रागवावं, हे त्यांना ठरवता येत नसावं. मग ते हळू आवाजात म्हणाले, “तीन आठवडे राहिले होते, ताई.”

“म्हणूनच घाई केली.”

“सहाशे बारा. एका दिवसाचा आकडा, तोही सुट्टीवरच्या माणसानं घेतलेला.”

“नका धरू तो. मागचे चव्वेचाळीसही धरू नका, एवढंच सांगायला आले. सायकली कमी झाल्या असं माझ्या कागदांवरून कुणाला म्हणता येणार नाही. किती कमी झाल्या, झाल्या की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही.”

“म्हणजे?”

“एवढे लोक सायकल हातात घेऊन का चालतात, हे मी अकरा वर्षांत एकालाही विचारलं नाही. माझ्याकडे रकाना होता ना. रकाना असला की माणूस विचारत नाही.”

इंजिनिअरबाईंनी नकाशांची गुंडाळी उघडलीच नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. “आठवडाभर पुन्हा गणना. दोन्ही तोंडांशी, दोन-दोन गणक. तोपर्यंत पुलाचा निर्णय नाही.” मग जरा थांबून, “ताई, ज्यानं दुरुस्तीपत्र लिहिलं त्याला त्याच जागी पुन्हा बसवत नाहीत. तुम्हाला माहीतच आहे.”

“नियम चौदावा,” मोजणीताई म्हणाल्या. तोही त्यांनीच साहेबांना शिकवला होता.

शेवटचे तीन आठवडे त्यांनी बाजाराजवळच्या चौकात काढले. तिथं मोजण्यासारखं होतं ते एकमेकांत अडकलेले टेम्पो. पूल दिसतही नसे. घरी नणंद बातम्या आणी. “आज दोघं होते खुर्चीवर. एकानं मला विचारलं, का उतरता म्हणून. चांगलं सुनावलं मी.”

“काय सुनावलंत?”

“म्हटलं, आमच्या वहिनीला विचारा.”

निरोपाच्या आदल्या दिवशी आठवड्याच्या गणनेची सरासरी आली. हातात धरून नेलेल्या सायकली रोज पाचशे अठ्ठ्याण्णव. पुलाच्या कडेचे दोन पट्टे बस आणि सायकलींना मिळाले, मध्ये उंच कठडा घालून. साहेबांनी सही करताना म्हणे एवढंच म्हटलं, “पादचारी एका फटक्यात सहाशेनं घटले! आता त्यांच्यासाठी कोण भांडणार?” इंजिनिअरबाई मात्र सही झाल्या झाल्या मोजणीताईंच्या टेबलाशी आल्या. हातात पुस्तिकेचा नवा मसुदा होता, सातव्या नियमाची जागा रिकामी ठेवलेली.

“तुम्हीच लिहा.”

मोजणीताईंनी पेनचं टोपण काढलं. मग लिहिलं, ‘सायकल हातात असली तरी ती सायकलच धरावी. आणि दर तासाला निदान एकाला, का उतरलात, हे विचारावं.’

“पण मोजताना बोलायचं नाही ना?”

“त्यासाठी दोन गणक बसवा. एकानं मोजावं, एकानं बोलावं.”

दुसऱ्या दिवशी त्या निवृत्त झाल्या. फुलं मिळाली, शाल मिळाली, भाषणं झाली. एकाही वक्त्याला ‘एकही चूक नाही’ असं म्हणता आलं नाही, त्यामुळे भाषणं आखूड झाली. महिना भरायचा होता, म्हणून कागद अजून फळ्यावरच होते. जाताना त्या तिथं थांबल्या. शिपाई ओशाळून म्हणाला, “महिना झाला की चव्वेचाळीस लिहावे लागतील, ताई. काय करू?”

“ठसठशीत लिही. आणि साहेबांचे आठ कर.”

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी नणंद निघाली तेव्हा मोजणीताईही चप्पल घालून उभ्या होत्या. काही काम नव्हतं. बसनं पुलापर्यंत येऊन त्या पहिल्या खांबाशी थांबल्या. नणंद आली, उतरली, आणि दोघी फुटपाथवरून चालू लागल्या. पट्ट्यांचं काम सुरू व्हायला अजून अवकाश होता. ट्रक तसेच घासून जात होते. मधोमध, सहाव्या खांबाशी घडीच्या खुर्चीवर, कामाआधीच्या जादा गणनेसाठी, एक नवी गणक बसली होती. पाठ उन्हाकडे, थर्मास दोन पायांच्या मध्ये, दोन्ही मुठींत टिकटिक्या. तिचा बोलणारा जोडीदार पुढे एका सायकलवाल्याला थांबवून विचारत होता.

“ओळख दाखवते का बघू,” नणंद कुजबुजली.

मुलीनं पापणीही हलवली नाही. आधी डाव्या मुठीत एकदा टिक् झालं, मग उजव्या मुठीत एकदा.

चार पावलं पुढे गेल्यावर नणंदेनं विचारलं, “काय मोजलं गं तिनं?”

“तुम्हाला सायकल. मला पादचारी.”

“बरोबर?”

मोजणीताईंनी मागे वळून पाहिलं. मग पुढे, हँडलवर हात ठेवून चाललेल्या त्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि सवयीनं उजवा अंगठा रिकाम्या मुठीवर दाबला.

“बरोबर,” त्या म्हणाल्या.